अर्ध्या मिनिटाचं पान

९ जानेवारी

प्रिय धाकट्यास, आशीर्वाद.

आज सकाळी मी काय केलं ते आधी सांगतो, म्हणजे हे पत्र कशासाठी ते तुला कळेल. उठलो, अंघोळ केली, देवापुढे हात जोडून रोजचं थोडंसं पुटपुटलो. मग खाली येऊन दुकान उघडलं, रंगाचे डबे मांडले, आणि ब्रशला हात लावायच्या आधी फोनवर एकेक अक्षर हुडकत लिहिलं, ‘अंथरुणाला खिळलेल्या माणसाला कुशीवर कसं वळवायचं’. तुझ्या ताईचं पान आलं. सगळ्यांत वर. ते उघडलं आणि फोन टर्पेंटाइनच्या डब्याला टेकवून ठेवला. समोर एका वाचनालयाची पाटी होती. दोन अक्षरं रंगवली की करंगळीने पान जरासं वर सरकवायचं, परत दोन अक्षरं, परत खाली. पानाला वाटावं कुणीतरी वाचतंय. जेवायला उठेपर्यंत हेच.

हे आजचंच नाही. ती गेल्यापासून रोज. तू परत निघालास त्या दिवशी फाटकाशी मला म्हणाला होतास, “भाऊजी, लोक येत राहिले, थांबत राहिले, तर ताईचं पान वर राहील. नाहीतर हळूहळू खाली जाईल.” एवढं बोलून तू बॅग उचललीस. लोकांना बोलावणं काही माझ्या हातात नव्हतं. येणं आणि थांबणं होतं. ते मी करतो आहे.

तू म्हणशील, भाऊजींना म्हातारचळ लागला. पन्नाशीच्या आत लागतो का रे तो? पण बघ, वर्ष होत आलं आणि पान अजून पहिलंच आहे. नर्स म्हणून वॉर्डात जन्मभर जे तिने हातांनी केलं ते तुझ्या आग्रहावरून पाच ओळींत सांगितलं, तू त्याचं पान बांधलंस, आणि आजही कुणाच्या घरी कुणी आडवं पडलं की तीच सगळ्यांच्या आधी धावून जाते, असं मला वाटतं. त्या वाटण्यावर दिवस निघतो.

विचारायचं एवढंच, की माझं थांबणं तिथे धरलं जातं का? ही वेबसाइटं वर आणण्याचीच तुझी नोकरी, म्हणून विचारतो. धरलं जात नसेल तरी मी थांबेनच, पण कळलेलं बरं.

वर्षभरात तू आला नाहीस. कामात असशील. वरच्या खोलीची खिडकी दुरुस्त केली आहे. आता वारा येत नाही, त्यामुळे ते कारण तुला सांगता येणार नाही.

तुझा
भाऊजी


१९ जानेवारी

ती. भाऊजींना नमस्कार.

तुमचं पत्र ऑफिसच्या पत्त्यावर आलं. इथे पोस्टाने फक्त नोटिसा येतात. शिपायाने ते टेबलावर ठेवलं तेव्हा अख्खा मजला माझ्याकडे कळवळून बघत होता. मी म्हटलं, घाबरू नका, माझे भाऊजी आहेत, त्यांना मेल करा म्हटलं की ते टपाल करतात. आता मलाही टपाल करावं लागतंय. तिकीट कुठे मिळतं ते विचारत फिरलो.

त्या पानाचे आकडे मी नेहमी बघतो. सवयच आहे. किती आले, कुठून आले, किती वेळ थांबले, हे सगळं मोजलं जातं. आणि भाऊजी, वर्षभर मी बघतोय, बाकी सगळे येतात आणि अर्ध्या मिनिटात जातात, पण एक कुणीतरी रोज सकाळी येतो आणि दुपारपर्यंत हलत नाही. मला वाटायचं, याच्या घरी फार मोठं आजारपण आहे, बिचारा रोज नव्याने वाचून काढतोय. मी त्याचं नावसुद्धा ठेवलं होतं, ‘बिचारे काका’. ते तुम्ही निघालात.

आता तुमच्या प्रश्नाचं खरं उत्तर. नक्की कुणालाच माहीत नाही. सर्च चालवणारे लोक त्यांचं गणित उघड करत नाहीत आणि आम्ही बाहेर बसून अंदाजाचा पगार घेतो. धंद्यातला समज असा आहे : माणूस काहीतरी शोधतो, समोर यादी येते, त्यातलं एक पान तो उघडतो. लगेच मागे फिरून दुसरं उघडलं, तर यंत्राला वाटत असावं की पहिल्यात काही राम नव्हता. तिथेच रमला, खालपर्यंत वाचत गेला, तर वाटत असावं की पान चांगलं आहे, याला वर घ्या. असावं. कदाचित. हा ‘कदाचित’ आमच्या ऑफिसच्या दारावर मोठ्या अक्षरात रंगवायला हवा, याल तेव्हा ब्रश घेऊन या. मात्र एकट्या माणसाच्या बसण्याने काही हलत नाही, एवढं मी छातीठोक सांगतो. तुम्ही फोन टर्पेंटाइनपासून लांब ठेवा.

माझी काळजी ती अर्ध्या मिनिटाची आहे. ताईने पहिल्या ओळीपासून कामाचं सांगायला सुरुवात केली. माणूस येतो, वाचतो, पळतो. यंत्राच्या हिशेबी ते बरं दिसत नसावं. आपण पान मोठं करूया. वर ताईचा फोटो, ती कोण होती, कशी होती, तुम्ही तिच्याबद्दल काही लिहा. मग तिच्या ओळी. त्याखाली आणखी वाचायला काहीतरी. लोक थांबतील.

पान पहिलं दिसतंय हे वाचून बरं वाटलं.

खिडकीचं कळलं. येतो असं लिहीत नाही, मग तुम्ही वाट बघत बसता.

तुमचा
धाकटा


२ फेब्रुवारी

प्रिय धाकट्यास, आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून मला फार आनंद झाला. आनंद हा शब्द लिहून मी थोडा थांबलो, कारण बऱ्याच दिवसांत लिहिला नव्हता. म्हणजे आता लोक तिच्यापाशी थांबतील. ती कोण होती ते त्यांना कळेल. इतके दिवस लोक तिच्या हातचं घेऊन जात होते आणि तिच्याकडे मान वर करून बघत नव्हते, हे मला खुपत होतं, पण कुणाला सांगणार?

मी गावच्या शाळेत शिकलेला. पाटीपलीकडे लिहायची सवय नाही. तरी लिहिलं आहे, हवं ते ठेव.

मी तिला पहिल्यांदा बघितलं ते रुग्णालयाच्या मोठ्या दारात, शिडीवर उभं राहून. ‘अपघात विभाग’ ही पाटी रंगवत होतो. नवीन होतो, हात दाखवायची हौस होती. अक्षरांना मागून निळी सावली दिली होती आणि कोपऱ्यात एक फूल काढलं होतं. ती रिकामी ट्रॉली ढकलत आली आणि खाली थांबली.

“पेंटर, ही पाटी वाचायला किती वेळ लागतो?”

मी म्हटलं, “सावकाश वाचा, सिस्टर. सावली दिली आहे, एका नजरेत कळायची नाही.”

“इथे येणाऱ्याच्या खांद्यावर कुणीतरी असतं. त्याने सावली बघत उभं राहायचं? फूल पुसा आधी.”

फूल पुसलं. सावली पुसली. बाण मोठा करायला लावला. चार दिवसांनी मुद्दाम त्या बाजूला गेलो आणि विचारलं, “आता कशी आहे पाटी?” ती म्हणाली, “कुठली पाटी?” आणि हसून निघून गेली. लग्नानंतर माझ्या मित्रांना ती सांगायची, यांच्या कामाचं मी आयुष्यात एकदाच कौतुक केलं, आणि ते यांना अजून कळलेलं नाही.

हे सगळं पानावर घाल. तो हिरव्या स्वेटरमधला फोटो घाल, त्यात ती कुणावर तरी ओरडण्याच्या बेतात आहे.

आता पुढचं तुझ्यासाठी आहे, पानावर घालू नकोस. तू त्या दिवसांत नव्हतास म्हणून सांगतो. ती पाठीच्या कण्याच्या दुखण्याने अंथरुणाला खिळली आणि तिच्या ओळी तिच्यावरच वापरायची वेळ आली. पहिल्या दिवशी मी तिला भिंतीला टेकवलेली पाटी उचलावी तसा धरायला गेलो. ती म्हणाली, “अहो पेंटर, माणूस आहे मी. पहिली ओळ काय आहे?” मी फोन आणला, पान उघडलं आणि तिच्या उशाशी उभं राहून तिचंच तिला वाचून दाखवलं :

आधी त्याला सांगा, मग हात लावा.
ज्या कुशीवर वळवायचं त्या बाजूला तुम्ही उभे राहा.
पलीकडचा गुडघा वाकवा, पलीकडचा हात छातीवर घ्या.
एक हात पलीकडच्या खांद्याला, एक कमरेला लावून आपल्याकडे घ्या, ढकलू नका.
पाठीमागे उशी, गुडघ्यांच्या मधे उशी.

“पास,” ती म्हणाली, “आता करून दाखवा.”

मग रोजचं झालं. मी म्हणायचो, “वळवतो हं.” ती म्हणायची, “वळवा.” काही दिवस तिचा आवाज अगदी बारीक निघायचा, पण ‘वळवा’ म्हटल्याशिवाय मी हात लावत नसे. एका सकाळी मी म्हटलं, वळवतो हं, आणि थांबलो. थांबूनच राहिलो.

असो. फोटो नीट लाव.

तुझा
भाऊजी


४ मार्च

ती. भाऊजींना नमस्कार.

पान झालं. तुम्ही लिहिलेलं जवळजवळ जसंच्या तसं ठेवलं आहे. सर्वांत वर हिरवा स्वेटर, मग शिडी, पाटी, फूल, ते सगळं, मग ताईच्या जुन्या मैत्रिणींनी सांगितलेल्या आठवणी, आणि मग तिच्या पाच ओळी. आमच्या मोठ्या साहेबांनी बघितलं आणि विचारलं, हा लिहिणारा कोण, आपल्याकडे येईल का? मी सांगितलं, ते फक्त टपालाने येतात.

आणि लोक थांबतायत, भाऊजी. अर्ध्या मिनिटाची पाच-पाच मिनिटं झाली. इतक्या लवकर काही हलत नाही खरं तर, पण हललं. यादीच्या तिसऱ्या पानावर गाडलं गेलं होतं, तिथून दुसऱ्या पानावर आलंय. असंच राहिलं तर पावसाळ्यापर्यंत पहिल्या पानावर दिसेल. ताई असती तर म्हणाली असती, एवढा आटापिटा कशाला. पण तिलाही आवडलं असतं.

तुम्ही जे फक्त मला म्हणून लिहिलंत ते वाचलं. ऑफिसात वाचायला नको होतं एवढंच.

तुमचा
धाकटा


१२ मार्च

प्रिय धाकट्यास, आशीर्वाद.

तुझ्या पत्रात तिसरं पान, दुसरं पान असं काहीतरी आहे. ते मला समजलं नाही. माझ्या फोनवर ती पहिली आहे. आजही होती. कालही होती. वर्षभर आहे.

मला वाटलं तुझी काही गफलत झाली असेल, म्हणून शेजारच्या शिंपीमामांकडे गेलो. त्यांच्या फोनवर तेच शब्द लिहायला सांगितले. ते चष्मा कपाळावर चढवून बघत राहिले. म्हणाले, “पेंटर, इथे गाद्या विकणारे आहेत, एक डॉक्टर आहे, एक बाई व्यायाम शिकवतेय. वहिनी कुठे आहेत?”

मी म्हटलं, “खाली जा.” ते खाली गेले. आणखी गाद्या.

“अहो, वहिनींचं पान माझ्या फोनमध्ये कसं असेल? ते तुमच्या फोनमध्ये असेल,” असं म्हणून ते परत शिवायला लागले. त्यांना काही कळत नाही म्हणून मी मनात हसलो. मग दुकानात येऊन बसलो आणि हसू गेलं.

कुणाचं खरं आहे, धाकट्या? मला आडून सांगू नकोस. पाटीवर लिहितात तसं सांग.

तुझा
भाऊजी


२३ मार्च

ती. भाऊजींना नमस्कार.

शिंपीमामांचं खरं आहे.

फोन आपल्या माणसाला ओळखून असतो. तुम्ही रोज तेच शब्द लिहिता, रोज तेच पान उघडता, रोज तिथे बसता. त्याला कळलं आहे की या माणसाला हेच हवंय, म्हणून तो तुम्हाला तेच आधी देतो. दुसऱ्या कुणाला देत नाही. ताई पहिली आहे ती फक्त तुमच्या फोनमध्ये, भाऊजी. बाकी सगळ्यांकडे ती गेल्या पावसाळ्यापासूनच घसरत होती. तुमचं पहिलं पत्र आलं तेव्हाच मला माहीत होतं. तुम्ही इतकं आनंदाने लिहिलं होतंत की माझ्याने लिहवलं नाही. फाटकाशी बोललो तेही जाता जाता काहीतरी दिलासा द्यावा म्हणून. तुम्ही ते एवढं धरून बसाल असं वाटलं नव्हतं.

आणखी एक आहे. हे तुम्हाला कळवायचं की नाही यात काही दिवस गेले. पानाच्या तळाशी निरोप ठेवायची जागा आहे, तिथे एका बाईंनी लिहिलंय. उतरवून देतो :

“मागच्या वर्षी आईच्या वेळी या पानाने मला वाचवलं होतं. उघडलं की पहिल्याच ओळीत होतं. काल वडिलांना उलटी व्हायला लागली. घरात एकटी होते. त्यांना एका हाताने अर्धवट कुशीवर धरलं आणि दुसऱ्या हाताने हे पान उघडलं. आईच्या वेळचं डोक्यातून पार गेलं होतं. आता इथे फोटो आहे, गोष्ट आहे. मी नुसती सरकवत राहिले. हात भरून आला आणि सुटला. वडील पलंगाच्या दांडीवर आपटले. कपाळाला टाके पडलेत, बाकी ठीक आहेत. नंतर मी शांतपणे सगळं वाचलं. त्या बाई फार चांगल्या असणार. पण त्या वेळी मला त्या नको होत्या हो, त्यांच्या ओळी हव्या होत्या.”

मी आकड्यांत जाऊन त्या बाईंची ती भेट शोधली. सापडली. कितीतरी वेळ थांबलेली, अगदी तळापर्यंत गेलेली. आमच्या तक्त्यात ती महिन्यातली सगळ्यांत चांगली भेट म्हणून हिरव्या रंगात दिसते.

आता मला ठरवता येत नाही. पान पूर्वीसारखं केलं तर लोक पुन्हा अर्ध्या मिनिटात जातील, आणि ते बहुधा परत गाडलं जाईल. सापडलंच नाही तर त्या पाच ओळींचा कुणाला काय उपयोग? आणि असंच ठेवलं तर काय होतं ते तुम्ही वाचलंतच. मधला रस्ता म्हणजे ओळी वर आणि गोष्ट खाली. तोही करता येईल. पण मी हात लावणार नाही. पानात शिरायचा परवलीचा शब्द आणि शिरल्यावर काय काय दाबायचं ते वेगळ्या कागदावर लिहून पाठवतोय. ताई तुमची आहे.

खरं सांगू का, वर्षभर मी आकडेच बघत होतो. पान उघडत नव्हतो. पहिली ओळ वाचली की ती माझ्याशीच बोलतेय असं वाटतं, आणि मला तिच्या शेवटच्या दिवसांत यायला जमलं नव्हतं. आकडे बोलत नाहीत.

तुमचा
धाकटा


५ एप्रिल

ती. भाऊजींना नमस्कार.

तुमचं उत्तर नाही. फोन उचलत नाही. शेवटी शिंपीमामांच्या दुकानात फोन केला. ते म्हणाले, “पेंटर जिवंत आहे, काम करतोय, बोलत नाही. डब्याला फोन टेकवलेला असतो तो आता दिसत नाही.” एवढं सांगून त्यांनी मला विचारलं की मी त्यांच्या दुकानाचं नाव सर्चमध्ये वर आणू शकतो का.

रागावला असाल तर रागावलोय असं लिहा. सकाळी नऊच्या सुमारास आकड्यांत बघतो. ‘बिचारे काका’ येत नाहीत. मला करमत नाही.

तुमचा
धाकटा


११ एप्रिल

प्रिय धाकट्यास, आशीर्वाद.

रागावलो नव्हतो. लाजलो होतो, आणि त्यातून बाहेर यायला मला वेळ लागतो.

त्या बाईंचा निरोप मी पाठ होईपर्यंत वाचला. त्यांच्या वडिलांच्या कपाळाच्या टाक्यांत माझी शिडी आहे आणि माझं फूल आहे. गंमत बघ, फूल पुसायला लावलं ही गोष्ट मी सगळ्या जगाला मोठ्या हौसेने सांगितली, आणि ती सांगता सांगताच तिच्या पाटीवर परत फूल काढून ठेवलं. तुला दोष देत नाही. तू विचारलंस ते पान टिकावं म्हणून. मी होकार दिला तो लोकांनी तिच्यापाशी थांबावं म्हणून. त्यांना कुठे थांबायचं होतं? मला थांबायचं होतं.

मग एके दिवशी काम बंद ठेवून रुग्णालयात गेलो. ती पाटी अजून आहे. रंग उडालाय, बाणाचं टोक गेलंय. समोरच्या बाकावर बसून राहिलो. एक माणूस आईला जवळजवळ उचलूनच घेऊन आला. त्याने मान इतकी कमी वर केली की बघितलं की नाही ते सांगता येऊ नये, आणि बरोब्बर उजवीकडे वळला. त्याच्यामागून आणखी कुणी, त्याच्यामागून आणखी. त्यातला एकही त्या पाटीशी थांबला नाही. माझ्या हातून झालेलं ते सगळ्यांत चांगलं काम आहे, आणि तिने तेव्हा “कुठली पाटी?” असं विचारलं त्याचा अर्थ मला त्या बाकावर लागला. ती मित्रांना सांगायची ते एकदाच केलेलं कौतुक हेच. मला एवढी वर्षं लागली.

मी देवापुढे नेहमी थोडंच बोलत आलो. जास्त वेळ बसलो म्हणजे तो जास्त ऐकेल असं मला कधी वाटलं नाही. मग तिच्या पानाशी मी तसा का वागलो, कुणास ठाऊक. बहुतेक कारण हेच, की देव आहे याची मला खात्री आहे, आणि ती कुठे आहे याची नाही.

मधला रस्ता लिहिला होतास, ओळी वर आणि गोष्ट खाली. तोही मी घोळवला. लोकांना त्रास झाला नसता. पण मी स्वतःला ओळखतो. गोष्ट खाली ठेवली असती तर मी रोज तुला विचारलं असतं, तिथवर कोण आलं, किती वेळ थांबलं. तू दिलाशाला काहीतरी आकडा सांगितला असतास. आपण दोघं त्या आकड्यावर जगलो असतो.

पान परत खाली जाईल म्हणतोस. जाईल. ज्याला फारच गरज असेल तो खाली खाली शोधत येईल, आणि आल्यावर त्याचा हात तरी सुटायचा नाही. तुझ्या ‘कदाचित’वर माझा तुझ्याइतकाच विश्वास आहे. यंत्राला कधीतरी कळेलही की लवकर गेलेला माणूस रिकाम्या हाताने गेला नव्हता. आपण ते त्याच्यावर सोडू. त्या बाईंना तुझ्याकडून दोन ओळी लिही, माझ्या वतीने माफी माग. वडिलांचं कसं आहे ते विचार.

आज सकाळी उठलो, अंघोळ केली, देवापुढे हात जोडले. दुकान उघडलं. तुझा कागद समोर ठेवून त्यात लिहिलंय तसं एकेक दाबत पानात शिरलो. हिरवा स्वेटर दिसला. खाली शिडी, पाटी, फूल. सगळ्यात शेवटी तिच्या ओळी, आणि त्यातली पहिली : आधी त्याला सांगा, मग हात लावा.

म्हणून आधी सांगितलं. दुकानात कुणी नव्हतं. मी म्हटलं, “वळवतो हं.” आणि थोडा थांबलो. या वेळी उत्तरासाठी थांबून राहिलो नाही.

पाच ओळी उचलून वर घेतल्या. खालचं माझं सगळं पुसलं, मैत्रिणींचं पुसलं, फोटो पुसला. तो फोटो वरच्या खोलीत आहे, येशील तेव्हा बघ. ‘येतो’ असं लिहायचं नसेल तर न लिहिता ये, मी वाट बघत नाही असं समज.

मग शिंपीमामांना हाताशी धरून फोनच्या आठवणीत जे साठलं होतं तेही पुसून टाकलं. ते म्हणाले, “सगळं जाईल हं पेंटर.” मी म्हटलं, जाऊ दे. मग नव्या माणसासारखे तेच शब्द लिहिले. गाद्या आल्या, डॉक्टर आला, व्यायामवाली बाई आली. मी खाली जात राहिलो. पुष्कळ खाली, दोन अनोळखी पानांच्या मधे, ती होती.

उघडलं. पाचही ओळी वाचल्या. अर्धं मिनिटही लागलं नाही. पान बंद केलं, फोन खिशात टाकला आणि ब्रश उचलला.

तुझा
भाऊजी